पाहुण्यांची काच

कारखान्यात त्याला सगळे धूरसाहेब म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. बाटल्यांच्या काचेचा कारखाना तो. भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवायची नाही, आणि तिच्या चिमणीतून काय बाहेर पडतंय यावर नजर ठेवायची, हे याचं काम. काम चांगलंच हो! पण नजर ठेवणं वेगळं आणि डोळेझाक करणं वेगळं, आणि हा पठ्ठ्या दुसऱ्यात तरबेज झाला होता.

धूळ अडवायच्या पिशव्या कधीच्याच फाटल्या होत्या. नव्या बसवायच्या तर भट्टी काही दिवस मंद ठेवावी लागणार, माल कमी निघणार, म्हणून आज नको, उद्या बघू. मग तपासणीचं काय? त्याची युक्ती यानेच काढली. वाळू-सोडा वितळवायला भट्टी जास्त तापवावी लागते, धूळही जास्त उडते. फुटकी काच त्याहून कमी आचेवर वितळते. म्हणून स्वच्छ धुतलेल्या फुटक्या काचेचा एक ढीग ताडपत्रीखाली राखून ठेवायचा, आणि तपासनीस येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून तोच भट्टीत घालायचा. चिमणी अगदी साळसूद व्हायची. कामगार त्या ढिगाला 'पाहुण्यांची काच' म्हणत आणि हसत. तोही हसायचा.

त्या दिवशीच्या तपासणीतही आकडे चोख आले. वस्तीतल्या लोकांच्या तक्रारी होत्या, म्हणून तपासनिसासमोरच कँटीनमध्ये त्यांची बैठक ठेवली होती. वस्तीतला एक शिंपी उठला. "आकडे राहू द्या साहेब. माझ्या मशीनवर रोज सकाळी पांढरं काय पडतं? पोरगी खोकून खोकून बेजार झालीय."

"रस्त्याची धूळ असेल," धूरसाहेब म्हणाला.

"रस्ता काय आमच्या छपरावरून जातो?"

लोक हसले. याचे कान तापले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक म्हातारी उठली. याची सख्खी मावशी! आई गेल्यावर तिनेच याला वाढवलं, हॉस्पिटलच्या चादरी धुऊन शिकवलं. चिमणीच्या थेट समोरच्या गच्चीवर ती अजूनही चादरी वाळत घालते, हे सगळ्या वस्तीला ठाऊक.

"माझ्या चादरीवर कधी डाग पाहिलाय कुणी?" ती म्हणाली. "काही पडत असतं तर आधी मला दिसलं असतं. माझं पोरगं खोटं बोलत नाही."

झालं! मावशीच्या शब्दापुढे कोण बोलणार? शिंपी खाली बसला. तपासनिसाने मान डोलावली. आपल्या या शूरवीराला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो बसूनच राहिला.

संध्याकाळी तो मावशीकडे गेला. मागच्या मोरीत ती चादरी खळबळत होती. वाळलेल्या, घडी घातलेल्या चादरी पुन्हा पाण्यात.

"हे काय गं? धुतलेल्याच ना या?"

"रोजच दोनदा धुते. दुसऱ्यांदा आत खोलीत वाळवते." तिचे हात सोड्याने फाटले होते. "तुझ्या कारखान्याची धूळ पडली म्हणून कुणी तुला नावं ठेवायला नकोत."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मी काय आंधळी आहे? चारचौघांत तुझी मान खाली जाऊ नये म्हणून खोटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा." तिने चादर पिळली. "पण त्या पोरीचा खोकला ऐकवत नाही रे. तपासनीस उद्या दुपारी जाणार आहे ना? सकाळीच जा आणि खरं सांगून टाक. नोकरी गेली तर जाऊ दे, मी आहे अजून."

त्याला रडू आलं. "सांगतो मावशी. शपथ."

दारात कुणीतरी खाकरलं. शिंपी होता. आत यायला अवघडत होता.

"मावशी, तुम्ही बोललात आणि माझीच मला लाज वाटली. साहेब, चारचौघांत तुमच्यावर उगाच आळ घेतला. माफ करा." त्याने हात जोडले.

मावशी पिळायची थांबली. ती धूरसाहेबाकडे बघत होती. सांगायचं तर आत्ताच सांगायचं होतं, दुसरं काय!

धूरसाहेबाने घसा साफ केला.

"असू द्या हो," तो म्हणाला. "गैरसमज कुणाचाही होतो."