जुन्या पिक्चरची चाल

जे गाणं लागलं की समुद्रपुरातले बाप उठून टीव्ही बंद करायचे, त्याच गाण्याच्या चालीवर आठवडाभरात आमचं महिला भजन मंडळ गणपतीला आळवत असे. ही करामत दुकानवाल्या काकूंची. एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर गाणं कानावर पडलं, की घरी पोचेपर्यंत त्यातल्या नायिकेला बाहेर काढून काकूंनी तिथे देव बसवलेला असायचा.

नव्वदच्या सुमारास मी तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि काकूंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिले. पुढे किराणा दुकान, मधे घर, मागे मी. काका गल्ल्यावर बसत आणि बाकी सगळं काकूंच्या अंगावर. "थकली व बाई" हे त्यांचं पालुपद, पण ते म्हणताना त्यांचे हात थांबलेले मी कधी पाहिले नाहीत. मंडळात मला त्यांनीच ओढलं. माझा गळा यथातथाच. "ताल तं धरशीन ना?" एवढंच विचारून त्यांनी माझ्या हाती टाळ दिले.

गाण्यांच्या जातींबद्दल त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. "कव्वालीत देवाले मांगता येते, गझलेत देवावर रुसता येते, लावणीत त्याले सजवता येते."

"आणि डिस्कोत?" मी एकदा विचारलं.

"डिस्कोत देव सापडत नाई. पन मंडळाले पोरी सापडतात," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

एक निवृत्त हेडमास्तर दुकानात येऊन सुनावून गेले होते, की असल्या छचोर चालींवर देवाचं नाव घेणं शोभत नाही. काकूंनी आधी त्यांची साखर बांधून दिली. मग म्हणाल्या, "गुरुजी, चाल काय कोनाच्या बापाची असते? इहीर हाय ते. ज्याले तहान लागली त्यानं पोहरा सोडावा." पुढच्या वर्षी गुरुजींच्या सौभाग्यवती आमच्यात येऊन खंजिरी वाजवू लागल्या.

मात्र एक चाल काकूंच्या घरची होती. सकाळी हापशीवर पाणी भरताना त्या ती गुणगुणायच्या. बाकीच्या चालींचं मूळ गाणं मला लगेच सापडे, हिचं काही केल्या सापडेना. शेवटी मी विचारलं, तर एवढी धीट बाई लाजली. "माही हाय," त्या म्हणाल्या. "पानी भरता भरता आली." दुसऱ्या ओळीनंतर त्या चालीत एक थांबा होता, भरलेला गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, उचलून रिकामा लावायला वेळ लागतो, तेवढाच. एकदा तरी ही चाल मंडळानं म्हणावी, एवढी एकच हौस मी त्या बाईत पाहिली.

त्यांनी शब्द जुळवले आणि मंडळात म्हणूनही दाखवली. पुढे उभं राहून भजन सांगणाऱ्या सुलभाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "काकू, हे ओळखूच नाई येत. चाल ओळखीची असली तं लोकं डोलतात. हे कोन आयकन?"

"खरं हाय," काकू म्हणाल्या. घरी येईपर्यंत त्या एकदाही "थकली" म्हणाल्या नाहीत.

मग काकांना लकवा मारला. दुकान आणि अंथरूण, दोन्ही काकूंवर आलं. त्यातच तालुक्याची भजन स्पर्धा जवळ आली आणि मंडळाला नवं भजन हवं होतं. काकूंना टपरीपर्यंत जाऊन गाणं ऐकायलाही फुरसत नव्हती. त्यांनी तीच चाल काढली आणि सरळ चेहऱ्यानं सांगितलं, "जुन्या पिक्चरची हाय."

"कोन्या पिक्चरची?"

"नाव ध्यानात नाई. माह्या माहेरी, रोहण्याले, तंबूच्या टॉकीजात लागलता."

"मनूनच आयकल्यासारखी वाटते," सुलभाबाई म्हणाल्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी टाळांची दोरी सरळ करत बसले. स्पर्धेत अख्खा मांडव डोलला. एक म्हातारेबुवा तर मुद्दाम येऊन सांगून गेले, की तो पिक्चर त्यांनी दोनदा पाहिला आहे.

पुढे रिमिक्सचं खूळ आलं. मंडळातल्या नव्या सुनांना भजनंही त्याच चालींवर हवी होती. काकूंनी तीही करून दिली, पण आता त्यांना ते झेपत नव्हतं. "दम घ्याले जागाच नाई ठेवत व हे लोक," त्या म्हणायच्या. काका गेले, माझी बदली आर्वीकडे झाली, आणि काही वर्षांनी काकू सावंगीच्या दवाखान्यात असल्याचं कळलं.

मी गेले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. शेजारच्या खाटेवरच्या मोबाईलची रिंग वाजली, तर चादरीवर त्यांच्या बोटांनी ठेका धरला. मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, आता तरी सांगून टाका सगळ्यांना, ती चाल तुमची आहे म्हणून."

"पिक्चरची मनून गातात तं," त्या म्हणाल्या. "माही मनलं तं सोडून देतीन." मग डोळे मिटून घेतले. "लय थकली व पोरी."

त्यांच्या तेरवीला मंडळ जमलं. सुलभाबाईंनी माईक हाती घेतला. "काकूंच्या आवडीची चाल, जुन्या पिक्चरची," त्यांनी सांगितलं. मी उठून सगळ्यांसमोर सांगितलं, की असा पिक्चर कुठेच नाही. चाल काकूंची आहे, हापशीवर पाणी भरताना केलेली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

सुलभाबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काऊन मॅडम, मंग काकू काय आमच्याशी खोटं बोलल्या?" त्यांनी फार मायेनं विचारलं. मी खाली बसले आणि टाळ घेतले.

भजन सुरू झालं. दोन ओळी झाल्या आणि सगळ्या जणी एकदम थांबल्या. रिकामा गुंड लावायला लागतो तेवढ्या वेळात सगळ्यांनी दम घेतला आणि पुढची ओळ उचलली.