आधी दावण विचारावी

माझी नात लातुरात कॉलेजला आहे. गेल्या साली बायको गेली आणि पोरानं मला मुखेडहून उचलून लातुरात आणलं. पोरगा शाळेवर जातो, सून बँकेत. नातीचं कॉलेज सकाळचं. दुपारी घरात आम्ही दोघंच. ती जेवते आणि टीव्हीला डबा जोडून गेम खेळते. मी पलंगावर बसून बघतो. खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते, ती बघून झाली.

त्या दिवशी तिनं नवी गेम लावली. भला मोठा मुलूख होता त्यात. डोंगर, नद्या, गावं, बाजार. "आबा, ह्याच्यात कुठंही जाता येतं, कुणी अडवत नाही," म्हणाली. पण आत जायच्या आधी आपला गडी बनवायचा होता. तिनं नाक बनवलं, डोळे बनवले. मिशा मी सांगितल्या तशा लावल्या. मग गेमनं विचारलं, ह्याचं मागचं काय? चार पाट्या आल्या, त्या तिनं मला वाचून दाखवल्या. शिपायाचं पोर, बाप लढाईत मारला गेलेला. चोरांच्या टोळीत वाढलेला. घरातून हाकललेला. आणि चौथी पाटी, काहीच नाही.

नातीनं चौथी दाबली.

"आगं, असं कसं? कुणाचा हाय, कुठला हाय, काहीच न्हाई?"

"नाही. कोरा आहे."

"कोऱ्या माणसाला गावात पाणी कोण दील?"

"आबा, मागचं दिलं की गेम बांधून टाकते आपल्याला. शिपायाचं पोर घेतलं, तर पुढं जाऊन म्हणते बापाचा बदला घे. मला नाही घ्यायचा बदला. मला नदीवर जाऊन मासे धरायचेत."

"बाप मारला आन् पोरगं मासे धरत बसलं? शोभतं का?"

"म्हणून तर बापच नको!"

ते माझ्या डोक्यातून जाईना. त्याला कारण आहे. माझा जन्म बैलांच्या बाजारात गेला. चौथीतून शाळा सोडली ती बापाच्या मागं बाजारात उभं राहायला. मुखेड, कंधार, उदगीर, जिथं बाजार भरेल तिथं दलाली केली. बैल घ्यायला आलेला माणूस दात नंतर बघतो. आधी विचारतो, कुणाच्या दावणीचा? म्हणजे कुणाच्या गोठ्यात बांधलेला होता, कुणी वाढवला. जात लाल कंधारी का देवणी, ते डोळ्याला दिसतं. खोड दिसत नाही. मारका आहे का, औतातून पळतो का, पाण्याला बुजतो का, हे दावण कळल्याशिवाय कळत नाही. ज्याची दावण माहीत नाही त्याच्या खांद्यावर जू ठेवू नये, असं माझा बाप म्हणायचा आणि मीही म्हणत आलो.

टीव्हीतला गडी तोवर एका गावात शिरला होता. तिथल्या बाईनं त्याला विचारलं, बाबा तू कुठला? खाली तीन उत्तरं आली. नातीनं एक दाबलं. पुढच्या गावात दुसरंच दाबलं.

"खोटं बोलायलीस की गं."

"खोटं कुठं? त्याचं काही ठरलेलंच नाही. मी म्हणेन ते खरं."

"मग हा दलालच निघाला," मी म्हणालो. ती हसली. हसता हसता म्हणाली, "बरं आबा, सगळ्या बैलांची दावण तुम्हाला पाठ. आज्जीची सांगा. लग्नाआधी काय करायची आज्जी?"

मी तोंड उघडलं. जळकोटची, म्हणालो. बाप लहानपणीच वारलेला. एक मोठी बहीण.

"हे तर मलाही माहीत आहे. ती काय करायची? तिला काय आवडायचं? कशाला भ्यायची?"

"भाकरी करायची," मी म्हणालो.

ती आधी हसली, मग तिनं माझ्याकडं बघितलं. बटणं खाली ठेवली. गडी एका पुलावर तसाच उभा राहिला.

पन्नासाच्या वर साल संसार केला मी त्या बाईसंगं. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहिलं. ते नाव माझ्या आईनं ठरवलेलं. जुनं नाव मी अक्षता पडायच्या वेळी एकदा ऐकलं, पुन्हा कधी काढलं नाही. परक्या बैलाला सात प्रश्न विचारणारा मी, हिला एकही विचारला नाही. बायकोला बैलाच्या रांगेत उभं करतो म्हणून कुणी रागावेल. रागवा. बैलाला मी जास्त विचारलं, हेच खरं आहे.

नात म्हणते कोरा माणूस मोकळा. मला ते पटेना. मोकळी होती ती नात, जिच्या हातात बटणं होती. आतल्या गड्याला काय मोकळीक? त्याला तर मासे आवडतात का, तेही कुणी विचारलं नव्हतं. माझ्या लग्नात बटणं माझ्या हातात होती, आणि मी चौथी पाटी दाबली होती.

मग मला ते कळायलाच पाहिजे असं झालं. ती कोण होती, आणि मी ते पुसून टाकलं तेव्हा तिला काय झालं. सांगणारं एकच माणूस उरलं होतं, तिची मोठी बहीण, जळकोटची अक्का. मोठीला जळकोटातच दिलं, धाकटी माझ्याकडं आली. आणि अक्कानं माझ्याशी बावीस साल तोंड उघडलं नव्हतं.

त्यात चूक माझी. तिचा नवरा म्हणजे माझा साडू. तो माझ्याकडं बैल मागायला आला. माझ्या हाती एक होता, दिसायला राजा. खोड एकच, ऊन चढलं की जू खांद्यावर घेऊन मटकन बसायचा. त्या खोडीपायी दोन सालात तीन दावणी फिरलेला. मी साडूला सांगितलं, देवणीकडच्या मोठ्या बागायतदाराच्या घरचा आहे, आईचं दूध पोटभर प्यालेला. गोष्ट अशी रंगवली की मलाच खरी वाटली. साडूनं दातही बघितले नाहीत. ऐन पेरणीत बैल बसला. सगळं शिवार हसलं. साडू मुखेडला येऊन मला जाब विचारायला लागला तेव्हा मी चार माणसांत म्हणालो, "माझ्याकडं हुता तवा उभाच हुता." माणसं हसली. बायको दारात होती. तिनं हे ऐकलं, आणि त्यानंतर तिची बहीण तिला फक्त लग्नात नाहीतर मयताला भेटली. बायको मला त्यावर एका शब्दानं बोलली नाही. तिच्या मयताला अक्का आली, तिच्याजवळ बसली आणि पाण्याचा घोट न घेता निघून गेली.

आता कोणत्या तोंडानं जायचं? आठ दिवस मी नुसता फेऱ्या मारत होतो. शेवटी नात म्हणाली, "अक्काआज्जी किती वर्षांच्या आहेत?" म्हटलं, ऐंशीच्या पुढं. "मग कशाची वाट बघताय?" म्हणाली. रविवारी तिनंच मला एसटीत बसवलं आणि स्वतः खिडकी धरून बसली. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. मी मनात वाक्य जुळवत होतो. पोचेपर्यंत एकही जुळलं नाही.

अक्का ओट्यावर तूर निवडत बसली होती. मला बघितलं, सूप हलवायचं थांबवलं नाही.

"या पाव्हणं. आज कोणता बैल आणलाव?"

"अक्का, मी चुकलो."

"कोणत्या टायमाला? तुमी लई येळा चुकलाव."

नातीनं ओढणी तोंडाला लावली. मी उभ्यानंच सांगितलं. तो बैल देवणीकडचा नव्हता. दोन सालात तीन दावणी फिरला होता. खोड मला माहीत होती.

"म्हाईत हुती?"

"हाव."

तिनं सूप खाली ठेवलं. "बैल मेला. आमचे मालक मेले. भैन मेली. आता कबूल करायलाव. कुणी उरलं न्हाई म्हणून का?"

"तुमी उरलाव."

तिनं सुपातला एक खडा उचलून लांब फेकला. मग नातीला म्हणाली, "पोरी, आत रांजण हाय. तुझ्या आबाला पाणी आण. आन् पाव्हणं, बसा. उभे ऱ्हायलाव ते बघून मलाच दम लागायला."

पाणी प्यालो आणि एका दमात विचारून टाकलं. ती कोण होती, माझ्याकडं यायच्या आधी?

"पन्नास सालं तिच्या हातचं खाल्लाव, आन् मला इच्यारायलाव?"

"तिला इच्यारायचं ऱ्हायलं."

अक्का हसली नाही, चिडलीही नाही. सांगायला लागली. ही जन्मली त्याच आठवड्यात बापाला पान लागलं, म्हणजे साप चावला. गावानं हिला पांढऱ्या पायाची ठरवलं. हळदीला कुणी बोलवायचं नाही. सकाळी समोर आली तर माणसं माघारी फिरायची. पेरणीच्या दिवशी चुलताच म्हणायचा, ह्या पोरीला आज लांब ठेवा. मग ही दिवसभर विहिरीवर. तिथंच पोहायला शिकली, एकटी, भोपळा बांधून. उन्हाळ्यात पोरं नुसती बघत राहायची अशी पोहायची.

"पोहायची?" मी म्हणालो. मुखेडला आमच्या शेताला लागून शेजाऱ्याची विहीर होती. ती कधी काठाजवळही गेली नाही.

"लग्न झाल्यावर पयल्यांदा म्हायेरी आली तवा मला मिठी मारून म्हणली, अक्का, तिथं मला कुणीच वळखत न्हाई. नाव बी नवं. आता तू हितलं काही तिकडं जाऊ देऊ नकू. मी शब्द दिला. म्हणून पाव्हणं, तुमी इच्यारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"आन् एक सांगू? तुमच्याकडं पेरणीला चाड्यात बियाणाची पयली मूठ कोण सोडायचं?"

"तीच की. सदा."

"कोणी ठरवलं हुतं?"

कुणी ठरवणार? लग्नाच्या पहिल्या साली आईची कंबर धरली होती. बायको जवळ उभी होती, मी म्हणालो, तू सोड. तीन एकर कोरडवाहू, त्यात काय ठरवायचं? त्या साली पीक बरं आलं, म्हणून पुढंही तीच सोडत गेली. मला त्यात कधी काही वाटलं नाही.

"ती मला सांगताना रडत हुती," अक्का म्हणाली. "आनंदानं. म्हणली, ह्या माणसाला काहीच म्हाईत न्हाई, त्यानं माझ्या हातात बियाणं दिलं."

नात मधेच म्हणाली, "बघा आबा, मी म्हणत होते ना? कोरंच बरं. आज्जी सुटली की नाही?"

अक्कानं विचारलं, काय गं ते? तिनं फोनवर त्या गेमची चित्रं दाखवली आणि सगळं समजावून सांगितलं. गडी, चार पाट्या, कुठंही जायची मुभा. अक्कानं फोन डोळ्याजवळ धरून गड्याला नीट बघितलं.

"ह्याला इच्यारलीस का, कोणती पाटी पायजे म्हणून?"

"त्याला काय विचारणार? तो मीच बनवलाय."

"आमालाबी घरचे हेच म्हणायचे," अक्का म्हणाली आणि फोन परत दिला. मग जरा थांबून म्हणाली, "कोरी झाली म्हणून सुटली, हे खरं. पण पांढरे पाय टाकले त्याच्यासंगं पोहणं बी टाकलं तिनं. एक दाखवलं तर दुसरं दिसंल, ह्या भ्यानं. ते टाकायचं नव्हतं."

परतताना एसटीत बसलो. मी नातीला एवढंच म्हणालो, की तू पण खरी आणि मी पण. कोरं राहणं तुझ्या आज्जीनं आपल्या मनानं घेतलं, ते चांगलं झालं. पण ते तिनं घेतलंय हे मला माहीत नव्हतं, आणि मी माहीत करून घेतलं नाही. ह्याची माफी अक्काकडं नव्हती, कुणाकडंच नाही. तरी छातीवरचा दगड निम्मा उतरला होता. तिचं मागचं मी पुसलं असं मला वाटत होतं. तिनं माझ्या हातून पुसून घेतलं होतं.

निघताना अक्काला विचारलं होतं, माहेरी तिला हाक काय मारायचे? तिनं कानाजवळ येऊन सांगितली. ती हाक मी इथं लिहीत नाही. बायकोनं ते लपवलं होतं, आणि अक्कानं ते मला सांगितलं, चार लोकांना नाही.

तेव्हापासून मी पंधरा दिवसांनी जळकोटला जातो. नातीला वेळ असला तर ती येते, नाहीतर एकटा. सून डब्यात धपाटे बांधून देते, अक्काला दात नाहीत म्हणून मऊ केलेले. अक्का मात्र पक्की आहे. एका खेपेला एकच गोष्ट सांगते. आणखी एक सांगा म्हटलं तर म्हणते, "समदं एकदम सांगितलं तर तुमी यायचं बंद करचाल." जन्मभर मी गिऱ्हाइकाला झुलवलं, आता ही मला झुलवते. मला चालतंय.

गेल्या खेपेला कळलं, ती विहिरीवर पोरांना पोहायला शिकवायची. गुपचूप, घरी न सांगता, आणि फुकट नाही. प्रत्येकानं एक पेरू आणायचा.

"कच्चा आणला तर?" मी विचारलं.

"कच्चा आणला तर पेरू बी हिरीत आन् पोरगं बी हिरीत," अक्का म्हणाली. "आमच्या चुलत्याच्या पोराला तिनं असं चारदा ढकललं. तो सरपंच झाला पुढं. म्हातारपणी बी पेरूवाला दिसला की रस्ता बदलायचा."

आम्ही दोघं इतकं हसलो की आतून तिची सून पिठाच्या हातानं पळत आली, काय पडलं म्हणून.