रागात थापलेला माठ

माझ्या मामीइतकी रागीट बाई अख्ख्या पाटण तालुक्यात नसेल, आणि तिच्या माठाइतकं गार पाणीही कुठं मिळणार नाही. या दोन्हींचा संबंध आहे. आमच्या कुंभारवाड्यात बायका चाकाला हात लावत नाहीत. मामा चाकावर गळा आणि त्याखाली जाडजूड, बुटकं भांडं काढून देतो. मग मामी आतून दगडी गोळा धरून, बाहेरून लाकडी थापीनं बडवत ते तिप्पट मोठं करते. राग जितका जास्त, तितका माठ पातळ, आणि तितकं पाणी गार. हे गावाला ठाऊक असल्यामुळं माठ सांगायला आलेला माणूस आधी मुद्दाम फ्रिजचं कौतुक करतो. एका गुरुजींनी माठाला तोटी मागितली, तेव्हा मामी म्हणाली, "आवं गुरुजी, म्हशीलाबी तोटी बसवून घ्या, धार काढायला नको." तो माठ असा उतरला, की पाणी पिताना गुरुजींचे दात ठणकतात म्हणे.

सांगलीत आमच्या कॉलेजनं कुंभारकामाचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा मी तिचा माठ नेला. नावाच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं होतं. माठाखाली मी मामाचं नाव लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणापासून आम्ही 'मामाचे माठ'च म्हणायचो, हातानं तेच लिहिलं. मामी पहिल्या एसटीनं आली. प्रत्येक माठावर बोटाचं पेर वाजवून तिनं दोन माठ आजारी ठरवले आणि स्वतःच्या माठापाशी येऊन मला चिठ्ठी वाचायला लावली. मी वाचली.

"चाकावर निस्ता गळा हुतो रं," ती म्हणाली. "प्वाट कुनी काढलं?"

शेजारी आमचे सर होते. त्यांनी समजावलं, की खरी कला चाकावरची, थापणं ही मदत. मला सरांचा भयंकर राग आला, आणि मी 'हो' म्हणून मान हलवली. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. सर बोलले की माझी मान आपोआप हलते. आता मामी पेटणार म्हणून मी वाट बघत राहिलो. तिनं पदर सारखा केला. "व्हय, सायेब म्हन्त्यात म्हंजे आसंल," म्हणाली आणि स्टँडकडं चालू लागली.

संध्याकाळी मी चिठ्ठीवर मामाचं नाव खोडून तिचं लिहिलं. सर ओरडले. त्या ओरडण्याचं आता काही वाटत नाही. त्या हललेल्या मानेची मात्र अजून चीड येते. स्टँडवर तिच्यामागं गेलो असतो, तर निदान शिव्या तरी मिळाल्या असत्या.

गेल्या आठवड्यात मामाबरोबर तिनं माझ्या खोलीसाठी एक माठ पाठवला. मी भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हातून आलो आणि तांब्याभर प्यालो.

पाणी कोमट होतं.