बायपासच्या दिवशीचा बांगडा

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींना मी कायम हसत आलेय. आयटीत नोकरी, दोनदा तपासल्याशिवाय कशावर विश्वास नाही. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय...

आम्ही मूळचे मालवणचे. आई गेल्यावर बाबांना मी जयपूरला आणलं. मालवीय नगरमध्ये घर मिळावं म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "हम प्योर व्हेज हैं जी." बाबांच्या बाबतीत ते तसं खोटंही नव्हतं. एकदा बांगडा खाऊन त्यांचं तोंड सुजलं, श्वास अडकला, तेव्हापासून मासे-मटण सगळंच बंद. आईने तर तिचा इतका आवडता बांगडा पुन्हा घरात आणलाच नाही.

गेल्या वर्षी बाबांची बायपास ठरली. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "मछली वगैरह से एलर्जी?" शेजारी आमच्या घरमालकीण आंटीजी बसलेल्या. मी सवयीने म्हटलं, "हम तो शाकाहारी हैं जी." बाबांनीही मान डोलावली!

सकाळी आत नेताना बाबा मलाच म्हणाले, "गो, घाबरतंस कित्याक?" मी आणि आंटीजी बाहेर बाकावर बसलो. बाराच्या सुमारास अचानक वास आला — तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याचा, आमच्याकडच्या त्या झणझणीत कालवणाचा. अगदी आईच्या हातचा! त्या हॉस्पिटलात कँटीनमध्ये अंडंसुद्धा मिळत नाही. आणि एकदम कालचा प्रश्न आठवला. धावत जाऊन नर्सला सगळं खरं सांगितलं, तिने लगेच आत निरोप दिला.

संध्याकाळी डॉक्टरांनी समजावलं. ऑपरेशनमध्ये रक्त पातळ ठेवतात, आणि शेवटी तो परिणाम उतरवायला जे इंजेक्शन देतात ते माशापासून बनतं. माशांची अ‍ॅलर्जी असेल तर क्वचित रिअ‍ॅक्शन येते. "बीपी गिरा था," ते म्हणाले, "पर हम तैयार थे. अच्छा हुआ आपने बता दिया."

बाबा आता रोज बागेत फेऱ्या मारतात, चहात चोरून साखर घालतात. आमचं मजेत चाललंय. वासाचं म्हणाल तर, मनाचे खेळ म्हणून मी सोडून दिलं होतं.

परवा मात्र आंटीजींना खरं सांगून माफी मागितली. त्या हसल्याच. "अरे बेटा, मैं तो ऑपरेशन वाले दिन ही समझ गई थी. तुम्हारे टिफिन से कितनी बू आ रही थी! सोचा, बच्ची वैसे ही परेशान है, क्या टोकूँ."

त्या दिवशी मी डबा नेलाच नव्हता.