सुभेदाराचा तोंडी रिपोर्ट

ती केस काही केल्या मनातून जात नाही. नोकरीत खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. त्यांचे चेहरे आता आठवावे लागतात. हा माणूस मात्र आपणहून समोर येऊन उभा राहतो.

सत्तरीचं दशक नुकतं लागलं होतं. नगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला एका ठाण्यात मी फौजदार होतो. बाजारच्या दिवशी जवळच्या गावचा पोलीस पाटील आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, आमच्या गावात पल्टनीतला सुभेदार आलाय पेन्शनीवर. त्याच्याकडं रिव्हॉल्वर हाय. परवाना हाय, पन मध्य प्रदेशातला. हितं चालत न्हाई म्हनं."

बोलला ते खरं होतं. तो परवाना त्या राज्यापुरताच होता. इकडे राहायला आलं की कलेक्टर कचेरीत अर्ज करून हत्याराची नोंद करून घ्यायची, नाहीतर ते बेकायदा. त्याच दुपारी मी दोन पंच घेऊन पोचलो. सुभेदारानं स्वतःच ट्रंक उघडली. तेलकट फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर आणि खाली परवाना. पंचनामा करून मुद्देमालाला सील ठोकलं आणि त्याला ठाण्यात आणलं.

"इथं नोंद का केली नाही?"

"केली की, साहेब. गावात आलो त्याच दिशी पाटलाला रिपोर्ट दिला. परवाना त्यांच्या हातात दिला. ते म्हनले, ठाण्याला कळवतो, तुमी निवांत ऱ्हावा."

"लेखी दिला?"

"तोंडी. पल्टनीत वरच्याला रिपोर्ट दिला की पुढची जिम्मेदारी त्याची."

मी हसलो. "ही पलटण नाही, सुभेदार. इथं कागद लागतो." हवालदारही फिदीफिदी हसले.

मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "साखर कारखान्यात हत्यारी पहारेकऱ्याची जागा निघालीय. सोमवारी बोलावलंय. हत्यार आन् चोख नाव, दोनच गोष्टी मागितल्यात. केस करू नका, साहेब." मी त्याला कोठडीत घालायला सांगितलं. केवढा तोरा होता मला!

तिसऱ्या दिवशी पाटलाचा जबाब लिहून घेताना माझा हात थांबला. ट्रंकेत बंद असलेला परवाना मध्य प्रदेशातला आहे, हे या गड्याला कसं ठाऊक? पहिल्याच भेटीत तो माझ्या तोंडावर हे बोलला होता, आणि मी शहाण्यानं साधा प्रश्न विचारला नव्हता. आता खडसावलं तसा तो कबूल झाला.

"दाखवला हुता त्यानं. पन कारखान्याच्या त्या जागेसाठी माझा भाचाबी उभा हाय. बहिनीनं लई गळ घातली, साहेब."

मी सगळं लिहून वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी कागद नुसता चाळला. "कलेक्टरकडे अर्ज आहे का? नाही ना? मग गुन्हा आहे. पाटलाचं पाटलापाशी. आणि जबाबात भाच्याचं रामायण कशाला?" मी मान डोलावली. परत येऊन जबाब नव्यानं लिहिला, भाच्याला वगळून. खटल्याला मंजुरीही आली.

सोमवार कधीच उलटून गेला होता. कारखान्याच्या फाटकावर भाचा उभा राहिला. दोन वर्षं तारखा खाऊन सुभेदार निर्दोष सुटला, पण गावात तो 'पिस्तूलवाला आरोपी' झाला तो झालाच. पाटलाचं पद शाबूत राहिलं. हाडाचा चोर पहिल्या दिवशी वकील गाठतो. सरळ माणूस सरकारच्या शब्दावर विसंबतो आणि मरतो. हे मला त्या केसनं शिकवलं, आणि शिकवणी त्या बिचाऱ्याच्या जिवावर झाली.

सुटल्यावर तो मुद्देमाल न्यायला आला. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "सुभेदार, तुम्ही खरं बोलत होता, हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. माझं चुकलं."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "हे लेखी द्याल का, साहेब?"

नोकरी होती, बढती तोंडावर होती. मी मुद्देमालाची पावती पुढे सरकवली. तो सही करून निघून गेला.

आज हे लिहून दिलंय. घ्यायला सुभेदार नाहीत.