नारळाचं पाणी

पंचावन्न-छप्पनच्या सुमाराला माझं पोस्टिंग दिघीच्या माळावरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये झालं. मी क्राफ्ट्समन होतो, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. पत्र्याच्या दोन शेड, एक रॅम्प आणि समोर गाड्या उभ्या करायचं मैदान, एवढंच आमचं राज्य. पलीकडे भोसरीपर्यंत ज्वारीची शेतं होती. आज तिथे गेलं तर मला रस्ता सापडत नाही.

जे लिहितो आहे ते लान्सनायक भिकाजी तापकीर याच्याबद्दल आहे. तो आमच्याकडे ड्रायव्हर होता. त्याच्या मृत्यूच्या चौकशीत जे लिहिलं गेलं ते चूक आहे. ते बरोबर नाही हे जाणणारा मी एकटा उरलो आहे.

आधी थोडं गाडीबद्दल सांगावं लागेल. हल्ली ऑइल फिल्टर डब्यासारखा अख्खा येतो. जुना फिरवून काढायचा, नवा हाताने बसवायचा. त्या वेळी इंजिनच्या कुशीला लोखंडी वाटी असे. वाटीच्या मधून एक लांब बोल्ट जाई. वाटी उतरवायची, आतली काडतुसासारखी जाळी बदलायची आणि वाटी परत वर चढवायची. वाटीची कड वरच्या खाचेत बसते. त्या खाचेत रबराची एक रिंग असते. तेल अडवते ती रिंग. बाकी सगळं लोखंड आहे, लोखंडाला लोखंड लावून तेल थांबत नाही.

जाळीबरोबर रिंगही नवी येते. जुनी रिंग मात्र आपोआप निघत नाही. उष्णतेने ती कडक होते आणि खाचेत चिकटून बसते. काळं लोखंड, काळं रबर, वर काळं तेल. डोळ्यांना दिसत नाही आणि बोटालाही कळत नाही. जुनीवर नवी बसली तर वाटी घट्ट होते, थोडा वेळ तेल धरते, आणि मग इंजिन तापलं, खड्ड्यांचे हादरे बसले की वरची रिंग सरकते. त्यानंतर पंप सगळं तेल बाहेर फेकतो.

आमचे हवालदार साळुंखे साताऱ्याकडचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणत असू. रिंगेच्या कामाला त्यांनी तीन शब्द ठरवून दिले होते: काढली, पुसली, घातली. हे तिन्ही शब्द मोठ्याने म्हणायचे आणि जुनी रिंग त्यांच्या हातात द्यायची. ती ते शेडच्या खांबावरच्या खिळ्याला अडकवून ठेवत. रिंग काढायला त्यांनी सायकलच्या स्पोकची एक आकडी केली होती. ती सगळ्या वर्कशॉपमध्ये एकच होती.

गळती शोधायलाही त्यांनीच शिकवलं. थेंब पडतो तिथे गळती नसते. वारा तेलाला मागे नेतो, उतार त्याला खाली नेतो. म्हणून आधी सगळं फडक्याने कोरडं करायचं. संशय असेल तिथे खडूची भुकटी फुंकायची. इंजिन चालू करायचं आणि वरून, पुढून बघत यायचं. पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. ती जिथे सुरू होते तिथे दुखणं. हे भिकाजीला मी शिकवलं होतं. त्याला इंजिनाची हौस होती.

तो चऱ्होलीचा. दिघीहून घर एवढं जवळ असलेला युनिटमध्ये तो एकटाच, म्हणून सगळे त्याला चिडवत.

"तापकीर, नोकरी करतोस का माहेरी आलायस?"

"माहेरीच आलोय. पर हितली आई लय मारती," असं म्हणून तो उस्तादांकडे बोट करी.

घरी बायको होती, तीन वर्षांची मुलगी होती. आळंदीच्या देवळातल्या चौघड्यासारखं आपल्या गाडीचं इंजिन ऐकू येतं असं तो म्हणायचा. मला कधी तसं ऐकू आलं नाही.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी भिकाजीचा ट्रक माझ्याकडे होता. लहान लष्करी ट्रक, त्याला आम्ही पंधरा-हंड्रेडवेट म्हणत असू. तेल उपसून झालं होतं. वाटी खाली उतरवली होती, जाळी फेकली होती. एवढ्यात उस्तादांनी हाक दिली, "हत्यारं जमा."

आमच्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. रायफलवाले रायफल मांडतात, आम्ही पाने, पकडी, हातोडे मांडायचो. रात्रीच सगळी हत्यारं रॉकेलने धुवून ताडपत्रीवर लावली जायची. सकाळी हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. हा हुकूम कोणत्याही पुस्तकात नव्हता आणि तो कोणी मोडत नव्हता. माझ्या हातातली आकडीही त्या ताडपत्रीवर गेली. ट्रक उद्या कशाला लागतोय, असं मी धरून चाललो.

सकाळी ऑफिसातून निरोप आला. चाकणच्या पुढे टेकडीवर आमची सिग्नलची तुकडी वायरलेस सेट घेऊन बसली होती. तिला बड्या खान्यासाठी, म्हणजे सणाच्या सामुदायिक जेवणासाठी, परत आणायचं होतं. दुसरा ट्रक बाहेर गेलेला. उस्ताद माझ्याकडे आले.

"पंधरा-हंड्रेडवेट कुठवर आलाय?"

"वाटी चढवायची राहिलीय, उस्ताद. पण हत्यारं पूजेत आहेत."

"गाडीच्या टूलबॉक्समधला पाना घे. पूजेतलं काही उचलू नको. साहेब येतायत."

पाना मिळाला. आकडी मात्र समोर दहा पावलांवर होती, तिच्यावर कुंकवाचं बोट आणि झेंडूची पाकळी. मी खाचेतून बोट फिरवलं. गुळगुळीत लागलं. जुनी रिंग काल वाटीबरोबर निघून पडली असेल असं मी मनाशी ठरवलं. शोधली नाही. नवी रिंग तेलात बुडवली, लावली, वाटी चढवली, बोल्ट आवळला, तेल भरलं.

"रिंग?" उस्तादांनी लांबून विचारलं.

"घातली."

तिघांपैकी एकच शब्द मी बोललो. त्यांच्या ते लक्षात आलं असतं. पण तेवढ्यात साहेबांची जीप आली, सगळे सावधान झाले आणि आरती सुरू झाली.

आरती संपल्यावर गाड्यांची पूजा. भिकाजीने ट्रकच्या बॉनेटला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पुढच्या बंपरखाली दगडावर नारळ फोडला. पाणी सगळीकडे उडालं. एक वाटी त्याने प्रसादाला दिली. दुसरी रुमालात बांधून सीटवर ठेवली, ट्रिप झाली की दोन दिवसांच्या रजेवर घरी न्यायची म्हणून. मग इंजिन चालू केलं, खाली उतरला आणि वाकून बघितलं. निघण्याआधी तो नेहमी बघायचा.

"मिस्त्री, खाली ठिपका हाय."

मी हातातला प्रसाद खात होतो. जागेवरूनच बघितलं. जमीन ओली होती, त्यात हळद-कुंकू कालवलेलं.

"नारळाचं पाणी आहे रे."

"मला त्याल वाटतंय."

"तू नारळ फोडलास का तेलाचा डबा?"

बाजूचे दोघं-तिघं हसले. तोही हसला. "आता तूच म्हनतोस तर पानी," असं म्हणून तो चढला आणि गेटबाहेर निघाला. मी पुढे जाऊन बोट टेकवलं असतं तरी कळलं असतं. पाणी सुकतं, तेल चिकटतं.

दुपारी सिग्नल रूममध्ये आवाज आला. सेट ट्रकमध्येच होता, तुकडीतल्या जवानाने तो रस्त्यावर उघडून लावला होता. खोलीत जो शिपाई होता त्याने मला आत ओढलं.

"हॅलो बेकर. बेकर टू बोलतोय. गाडीचा अॅक्सिडेंट. ड्रायव्हर कॅज्युअल्टी. ओव्हर."

"जागा सांगा. ओव्हर."

"मोशीच्या अलीकडे, इंद्रायणीचा उतार. अॅम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"कॅज्युअल्टी सीरियस आहे का? ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर आली. मग तो जवान म्हणाला, "घाई नाही. ओव्हर."

उस्तादांनी रिकव्हरीसाठी, म्हणजे गाडी ओढून आणायला, मला आणि एका ड्रायव्हरला घेतलं. निघताना मी ताडपत्रीवरची आकडी उचलली. पाकळी खाली पडली. मला कोणी अडवलं नाही.

जे घडलं ते तुकडीच्या जवानांनी सांगितलं. उतारावर ऑइल प्रेशरचा काटा पडलेला भिकाजीने पाहिला. लगेच कडेला घेऊन त्याने इंजिन बंद केलं. जवळच्या डब्यातलं तेल भरलं. गळती कुठे ते बघायला इंजिन चालू हवं, म्हणून गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. बाबर नावाच्या जवानाला तो म्हणाला, "चाकाला धोंडा लाव रं, मी बघतो." बाबर शेताच्या बांधावर दगड आणायला गेला. दगड उचलत असताना त्याने गाडी हलताना पाहिली. भिकाजी तोवर खाली शिरला होता.

त्या ट्रकचा हँडब्रेक चाकांवर नव्हता. गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवर त्याचा ड्रम होता. चाकणपासून फिल्टरमधून उडालेलं तेल वाऱ्याने मागे जाऊन त्या ड्रमवर बसत आलं होतं. तेलकट ब्रेक गाडी सपाटीवर धरतो, उतारावर धरत नाही. भिकाजीने ब्रेक ओढला होता. तो पूर्ण वर ओढलेला मी पाहिला.

त्याला तोवर रस्त्याच्या कडेला घोंगडीखाली ठेवलं होतं. उस्ताद त्याच्याकडे गेले. मी ट्रकखाली गेलो. वाटीच्या कडेतून नवी रिंग सापाच्या जिभेसारखी बाहेर आली होती. वाटी उतरवली, खाचेत आकडी घातली आणि ओढली. जुनी रिंग निघाली. मी ती खिशात टाकली. परत येताना पुलावरून इंद्रायणीत टाकली. खांबावरच्या खिळ्याला ती कधीच लागली नाही.

सीटवर रुमालात नारळाची वाटी होती. त्याच्या सामानाबरोबर मीच ती बांधली, त्याच हातांनी.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मेजरसाहेबांनी मला दोनच प्रश्न विचारले.

"तेल का गळालं?"

"रिंग सरकली, सर. गाडी जुनी आहे."

"ड्रायव्हरने निघण्याआधी तपासणी केली होती?"

मी म्हणालो, "मी पाहिलं नाही, सर."

निकाल लिहिला गेला: ड्रायव्हरने निघण्यापूर्वी तपासणी केली नाही, आणि चाकाला अडसर न लावता चालू गाडीखाली गेला. हयगय त्याचीच. ड्रमवरचं तेल कोणी पाहिलं नाही, मी दाखवलं नाही. उस्ताद बाहेर माझ्याजवळ उभे राहिले. "तीन शब्द बोलला होतास ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. नंतर पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही. ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली.

हयगय हा शब्द चऱ्होलीला पोहोचेपर्यंत बदलला. सणाचा दिवस होता, पिऊन चालवत असेल, असं गाव म्हणू लागलं. हे मला दापोडीच्या बाजारात त्याच्या भावकीतल्या एकाने सांगितलं. मी भाजी घेतली आणि घरी आलो.

फौज सुटल्यावर पिंपरीच्या कारखान्यात मी आयुष्य काढलं. हाताखालच्या प्रत्येकाला ते तीन शब्द म्हणायला लावले. लोकांना वाटे, मी कामाचा पक्का आहे.

गेल्या खंडेनवमीला मी चऱ्होलीला गेलो. तापकिरांच्या शेतावर आता सात मजली इमारती आहेत. भिकाजीची मुलगी सुमन त्यातल्याच एका घरात राहते. पंचाहत्तरीकडे झुकली आहे. माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, बसा. दम लागलाय तुमाला." मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. ठिपक्याचं, पाण्याचं, रिंगेचं, साहेबांच्या दुसऱ्या प्रश्नाचं.

शेवटी तिने विचारलं, "मंजी दादा प्याले नव्हते?"

"नाही. नारळाचं पाणीही नाही. ते सगळं जमिनीवर सांडलं होतं."

"आणि त्यांनी बघितलं होतं खाली?"

"बघितलं होतं. मला सांगितलंही होतं."

ती खिडकीकडे तोंड करून बसली. माझ्यावर रागावेल, दार दाखवेल, अशी तयारी करून मी गेलो होतो.

"तुमच्याकडनं सामान आलं तवा त्यात खोबरं व्हतं," ती म्हणाली. "आयनं मला भरवलं. त्येला गाडीच्या त्यालाचा वास येत व्हता. आय म्हनली, खा, तुझ्या बापाच्या हाताचा वास हाय. मी जलमभर तोच वास त्यांचा म्हनून धरलाय."

तो वास माझ्या हाताचा होता. एवढी एकच गोष्ट मी तिला सांगितली नाही, ती इथे लिहितो.

लान्सनायक भिकाजी तापकीर, राहणार चऱ्होली. शुद्धीत होता. हँडब्रेक ओढला होता. चाकाला दगड लावायला सांगितलं होतं. निघण्याआधी त्याने गाडीखाली वाकून पाहिलं होतं आणि त्याला तेल दिसलं होतं.