आदाशाचे रोडगे आणि परतीचा चढ

आमच्या शाळेतल्या मुलींची सहल दर हिवाळ्यात नागपुरातल्याच अजब बंगल्यात, म्हणजे संग्रहालयात, जायची. पेंढा भरलेले प्राणी तेच असत, पण त्यांच्याकडे बघणाऱ्या मुली दर वर्षी नव्या, त्यामुळे सहल यशस्वी झाली असे म्हणता येई. सत्तरचे दशक अर्ध्यावर आले होते. त्या वर्षी नववीच्या मुलींनी विचारले, "शेजारच्या शाळेची पोरं सायकलींनी आदाशाच्या गणपतीला जातात, मग आम्ही काहून नाही?" प्रश्न रास्त होता. रामदासपेठेतल्या आमच्या शाळेचा सायकल-स्टँड कुठल्याही वर्गापेक्षा मोठा होता आणि जास्त भरलेलाही असे.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नकार दिला नाही. त्या नकार कधीच देत नसत, अट घालत. आधी शिक्षिकांनी सायकलींनी जाऊन यावे. दिवेलागणीच्या आत सगळ्यांनी शाळेच्या फाटकात हजर व्हावे. वाटेत कुणी एसटीत, ट्रकमध्ये किंवा बैलगाडीत बसले, तर मुली पुन्हा अजब बंगल्यात जातील.

"आणि सोबत पीटीचे सर येतील," त्या म्हणाल्या. "पुरुषमाणूस बरोबर असलेला बरा."

आम्ही तिघी निघालो. गणिताच्या बाई रोज कामठीहून सायकलने शाळेत येत, त्यामुळे वाऱ्याशी त्यांचे जुने भांडण होते. शिवणाच्या बाईंना उतार मनापासून आवडत, चढ दिसला की मात्र त्यांना सासूबाई आठवत. तिसरी मी, मराठी शिकवणारी.

रविवारी सकाळी पीटीच्या सरांनी आम्हा तिघींना फाटकात एका रांगेत उभे केले. पांढरी पँट, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. स्वातंत्र्यदिनाला ते ध्वजापेक्षा ताठ उभे राहत. त्या दिवशीही तसेच.

"सायकलस्वाराचा शत्रू चढ नाही," ते म्हणाले, "पोट आहे. दिवसभरात मी फक्त दोन संत्री खाणार. तुम्ही काय डबे घेऊन राहिल्या?"

"हो," गणिताच्या बाई म्हणाल्या. सरांनी आमच्या डब्यांकडे जप्तीच्या मालाकडे बघावे तसे बघितले.

काटोल नाका सोडला की गोरेवाड्याची झाडी लागते. तिथला चढ डोळ्यांना दिसत नाही, फक्त पोटऱ्यांना कळतो. सर पुढे होते. एक शिट्टी म्हणजे चढ आला, दोन म्हणजे उतार. रस्ता आम्हालाही दिसत होता, पण त्याला अधिकृत दुजोरा मिळत होता एवढेच. माळाच्या लाटा होत्या. एका टेकाडावरून सायकल सोडून दिली की पुढचे टेकाड अर्धे आपोआप चढून व्हायचे, उरलेल्या अर्ध्यात शिवणाच्या बाई सासूबाईंविषयी बोलायच्या.

कळमेश्वरला चहा घेतला आणि चंद्रभागेच्या, म्हणजे आमच्याकडच्या त्या नावाच्या छोट्या नदीच्या, खोऱ्यात उतरलो. मला अजूनही कुणी नागपूरच्या आसपासचा सगळ्यात सुंदर रस्ता विचारला तर मी तोच सांगते. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, मध्येच संत्र्यांचे बगीचे, आणि पाटाच्या पाण्याचा गार वास अंगावर येऊन जायचा. नदीच्या रपट्यावरून, म्हणजे बिनकठड्याच्या ठेंगण्या पुलावरून, वीतभर पाणी वाहत होते. आम्ही तिघींनी पाय वर उचलले आणि सायकली तशाच सोडल्या. सरांनी सूचनेसाठी शिट्टी तोंडात घातली तोवर आम्ही पलीकडे पोचलो होतो.

आदाशाची टेकडी चढून गणपतीचे दर्शन घेतले आणि खाली आलो, तर झाडाखाली एका शेतकरी कुटुंबाचा नवसाचा स्वयंपाक चालला होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे, म्हणजे रोडगे, भाजले जात होते. शेजारी वांग्याची भाजी रटरटत होती. अशा पंगतीत वाटसरूला बसवल्याशिवाय ती माणसे जेवत नाहीत.

"काहून उभे राहिले गा मास्तर?" घरातली म्हातारी सरांना म्हणाली. "बसा पानावर."

"मी फक्त संत्री खातो," सर म्हणाले.

"संत्रं त झाडाले लागते. रोडगे काही झाडाले लागत नाही. बसा."

सर बसले. म्हातारीने रोडगा फोडला, अंगठ्याने त्यात खळगा केला आणि सुनेकडे बघितले. "तूप वाढ वं. भिऊन काय राहिली? एवढा गडी आहे."

सुनेने भीती सोडली. आम्हीही जेवलो, पण आमच्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. आग्रह करायला त्यांना सरांएवढा मोठा माणूस त्या दिवशी दुसरा मिळाला नव्हता. सरांनी किती रोडगे खाल्ले ते गणिताच्या बाईंनी नक्की मोजले असणार. त्यांनी ते कधीच सांगितले नाही.

"जराशी पाठ टेकतो," सर म्हणाले. सावली सरकली, त्यांच्या तोंडावर ऊन आले, ते हलले नाहीत.

"सर, निघायचं नं?" मी विचारले.

"निघूनच राहिलो," सर डोळे मिटूनच म्हणाले.

म्हातारीला दया आली. "दमणी जुपू का? बैल तयार आहेत. पोरगा कळमेश्वरच्या स्टँडावर सोडून देईन मास्तरले."

शिवणाच्या बाईंच्या चेहऱ्यावर मोह दिसला. "दमणीत बसले की मुली अजब बंगल्यात," गणिताच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी तांब्याभर पाणी सरांच्या डोक्यावर ओतले.

सर उठले. रपट्यापर्यंत बरे आले. नंतरच्या चढाला ते सायकलवरून उतरले आणि हँडलवर ओणवे झाले.

"तुम्ही व्हा पुढं. मी एसटीनं येतो."

"मग मुलींचं काय करायचं, सर?" मी म्हटले.

सरांनी हँडल सरळ केले. मग शिट्टी फुंकायला गेले, तर नुसती हवा आली.

"द्या ती इकडं," गणिताच्या बाई म्हणाल्या. सरांनी मुकाट्याने शिट्टी काढून दिली.

मग रांग बदलली. गणिताच्या बाई पुढे, सर मध्ये, आम्ही दोघी मागे. जिथे सरांना पायडल मारवेना तिथे सगळेच उतरून चाललो. हातात धरलेली सायकलही सायकलच, असा निवाडा गणिताच्या बाईंनी दिला. शिवणाच्या बाईंनी सासूबाईंची मोठी हकिकत सुरू केली. सरांचा वेग वाढला, बहुधा ती ऐकू येऊ नये म्हणून. गोरेवाड्याजवळ ऊन पाठीवर आले आणि मोठा उतार लागला. या वेळी दोन शिट्ट्या वाजल्या नाहीत. नुसती चार फ्रीव्हीलांची टिकटिक.

शाळेच्या अलीकडच्या वळणावर गणिताच्या बाई थांबल्या आणि त्यांनी शिट्टी सरांच्या हातात ठेवली. "घाला गळ्यात."

फाटकात मोठ्या बाई उभ्या होत्या. रस्त्यावरचे दिवे अजून लागले नव्हते. त्यांनी आमच्याकडे बघितलेच नाही.

"काय सर? मुलींना झेपेल का हा रस्ता?"

रस्ता फार अवघड आहे, एवढे एक वाक्य बोलले की सरांची सगळी शान राहणार होती आणि आमची सहल जाणार होती. सरांनी शिट्टी चाचपली. शिवणाच्या बाईंनी माझे मनगट धरले.

"मुलींना झेपेल, बाई," सर म्हणाले. "पुरुषांचं मी सांगू शकत नाही."

मोठ्या बाईंची नजर त्यांच्या पांढऱ्या पँटवरच्या तुपाच्या डागावर गेली आणि तिथेच थोडी थांबली.

"ठीक आहे. मुलींना जाऊ द्या. सर, तुम्ही मात्र एसटीनं पुढं जा आणि जेवणाची व्यवस्था बघा."

त्याच महिन्यात नववीच्या मुली सायकलींची लांब रांग करून आदाशाला पोचल्या. पुढे गणिताच्या बाई होत्या, गळ्यात सरांची शिट्टी. टेकडीखाली कुणाचा तरी नवस होता, आणि सर व्यवस्था बघत आधीच पंगतीत बसले होते.